हात लावला तरी न हलणारी वस्तू

भांडण झालं ते शाळेच्या एका बाकावरून.

जव्हारात बासित आणि मंसूर या दोघा भावांचं सुतारकामाचं दुकान होतं. त्या दिवशी कमू दुकानाच्या मागे बसून पोत्यात भुसा भरत होती. पोशेरा गावची ही पोर लग्न होऊन जव्हारला आलेली. एस.टी. स्टँडजवळ नागलीच्या भाकरी विकायची. तिची शेगडी भुशावर चालायची आणि भुसा या दुकानातून फुकट मिळायचा. फुकटचं घ्यायला गेलेल्या माणसानं दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये, पण कान काही डोळ्यांसारखे मिटता येत नाहीत.

बाक टेम्पोत चढवायचे होते आणि त्यातला एक डुगडुगत होता.

"पुठ्ठ्याची घडी सार पायाखाली," थोरला बासित म्हणाला. "पोरं बसणार आहेत त्यावर, नवाब नाही."

"डुगडुगती वस्तू माझ्या हातून जाणार नाही."

"अरे, टेम्पो उभा आहे दारात!"

"राहू दे उभा. त्याची चाकं तरी सारखी आहेत."

बासितचं डोकं फिरलं. "फार माज चढलाय या हातांना! थरथरतील एक दिवस. चहाचा कप धरता येणार नाही, तेव्हा बघतो कोण पुठ्ठा सारतो ते!"

मंसूरनं बाक उलटा केला आणि पाय तासायला घेतला. कमूनं पोतं अर्धंच भरलं आणि गुपचूप घर गाठलं.

पुढे एका दुकानाची दोन झाली. बासितनं बाजारात काचेचं दार लावून सोफे, कपाटं मांडली. मंसूरनं घराच्या ओट्यावरच काम धरलं. ईदला गळाभेट व्हायची, लग्नात एका ताटात जेवायचे, पण एकाचा पाय दुसऱ्याच्या कामावर पडला नाही तो नाहीच. कमूचा भुसा मात्र मंसूरकडून येत राहिला. आता तो स्वतःच आणून द्यायचा. जुम्म्याची नमाज झाली की पोतं खांद्यावर टाकून हजर. भुसा ओतायचा, चहा प्यायचा, पोतं झटकायचं, घडी काखेत मारायची. "बराय कमूताई," म्हणायचा आणि जायचा. अशीच वर्षं गेली. दोघांचे केस पांढरे झाले.

मग त्याचा उजवा अंगठा हलायला लागला. अंगठ्यामागून पंजा, त्यामागून दुसरा हात. नाशिकच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. गोळ्या चालू झाल्या, करवत बंद पडली. आणि त्या घरात एकच वाक्य ऐकू यायला लागलं. बायको शहरबानो म्हणायची, "अजी, कपाला हात नका लावू, मी धरते." गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, तुम्ही हात नका लावू, नुसतं सांगा." माणूस आयुष्यभर हातावर जगलेला, आणि ज्याला त्याला वाटे की याच्या हातापासून आपली वस्तू वाचवावी.

भुसा तरीही यायचा. तो मंसूरच्या रंध्याचा नाही, लांबच्या वखारीतला आहे, हे कमूला वासावरून कळायचं. ती विचारायची नाही. तो सांगायचा नाही. चहा ती अर्धा कपच ओतायची, म्हणजे सांडणार नाही. म्हणायची, "दूध संपलं हो." किती वर्षं त्या बाईचं दूध नेमकं शुक्रवारीच संपत होतं.

मंसूरची मुलगी आसमा मोखाड्याकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेला कुणीतरी जुनी दुर्बीण दिली ती तिनं घरी आणली. डोळ्याला लावायची साधी दुर्बीण नव्हे. पाण्याच्या जाड पाइपाएवढी नळी, तळाला आरसा, आणि बघायचं ते वरच्या टोकाशी बाजूनं. नळी दणकट, पण खालची तिवई पत्र्याची, काडीच्या पायांची.

दिवस मावळता आसमानं ती ओट्यावर उभी केली. अर्धा चांद वर आलेला. कमू भाकरी द्यायला आली होती, तिला बसवून घेतलं. शहरबानोनं बघितलं, कमूनं बघितलं. मग मंसूर उठला. पूर्वी ईदचा चांद मोहल्ल्यात आधी त्यालाच दिसायचा, अशी त्याच्या डोळ्यांची ख्याती. त्यानं सवयीनं नळीला हात लावला.

"चांद नाचतोय गं," तो म्हणाला.

"अब्बा, हात नका लावू. नुसता डोळा लावा."

आसमा सहज बोलली. पण मंसूरनं हात काढला तो थेट खिशात घातला. लहानपणी तिच्या हातावर आपला हात ठेवून त्यानं तिला रंधा धरायला शिकवला होता. तो हसला, "दिसला, दिसला," म्हणाला आणि आत गेला. काही दिसलं नव्हतं हे कमूला कळलं.

शुक्रवारी चहा पिताना तो म्हणाला, "कमूताई, सगळे म्हणत होतेच. आता चांदपण म्हणतो, हात लावू नको."

आसमाला नंतर उमगलं आणि ती नवा स्टँड शोधायला लागली. कमू म्हणाली, "स्टँड कशाला शोधता? माझ्या दारात आहे की, एस.टी.चा." तेवढंच घर हसलं.

दुकानदारानं फोनवर मोटरचा स्टँड सांगितला. आपला आपण फिरतो, हात लावायलाच नको, असा. मंसूर म्हणाला, "मग चांद मोटरलाच दाखवा." दुसरा लोखंडी होता, मागे वजन लटकवलेला. आसमानं ओळखीच्याकडून आणून बघितला. भक्कम होता, पण फिरवायच्या खिट्ट्या सदऱ्याच्या गुंडीएवढ्या. मंसूरची बोटं त्यांवरून घसरत राहिली. आसमानं तो बांधून परत पाठवला. मग तिनं मोबाइलवर तिसरा दाखवला. जमिनीवर बुटकी लाकडी पेटी, पेटीत नळी, पेटीखाली दोन गोल पाट, एकावर एक. हातानं ढकलायचं.

मंसूर कितीतरी वेळ बघत बसला. "हे कुणा सुतारानं केलंय," म्हणाला.

कमूला त्यानं समजावून सांगितलं. "डुगडुगणं वेगळं आणि थरथरणं वेगळं. डुगडुगणारीचा पाय चुकलेला असतो. तीन पायांची वस्तू कधी डुगडुगत नाही, चौथा आला की भांडण. त्या तिवईचे पाय बरोबर आहेत, पण अंगात वजन नाही. म्हणून माझी थरथर वर चढते आणि नळीत जाऊन मोठी होते. आपल्याला वस्तू पाहिजे जड, बुटकी आणि थोडी हट्टी. मी ढकललं तर फिरावी. मी थरथरलो तर ढिम्म."

"म्हणजे दळायचं जातं," कमू म्हणाली.

"जातंच!"

पण करायचं कुणी? मंसूरनं करवत धरून बघितली. ती उडाली, अंगठा फाटला. शहरबानोनं करवत गोधड्यांत लपवली. आसमा दुसरा सुतार आणते म्हणाली. मंसूरनं मान हलवली. "दुसऱ्याच्या हातचं नको." दिवस जात होते. हात महिन्यामहिन्याला बिघडत होते. लवकर झालं नाही तर ढकलायचीही ताकद राहणार नाही, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्याच्या हातचं नको म्हणजे कुणाच्या हातचं हवं, ते कमूनं ओळखलं. ती भाकरीची टोपली घेऊन बासितच्या काचेच्या दारातून आत शिरली आणि सोफ्यावर बसली. त्या सोफ्यावर बसणाऱ्यांत टोपलीवाली ती पहिलीच.

सगळं ऐकून बासित म्हणाला, "मी कसा जाऊ? तुला नाही ठाऊक."

"ठाऊक आहे. भुशापाशी बसले होते मी."

बासितनं काचेचं दार लोटून घेतलं. "माझ्याच तोंडून गेलं गं ते. तेच झालं. त्याच्या हाताकडे बघवत नाही मला."

"बासितभाई, तोंडून गेलेलं खरं होत असतं तर माझी सासू माझ्या लग्नाच्या वर्षीच गेली असती. म्हातारी होऊन वाकेपर्यंत माझ्या हातच्या भाकरी खाऊन गेली ती. उठा."

तो आला. गळाभेट नाही, काही नाही. मंसूरनं जुन्या दाराच्या सागाच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या, त्यांवर बासितनं हात फिरवला.

"पेटीला साग ठीक. गोल पाट प्लायचे कर. पावसाळ्यात फुगणार नाहीत."

"प्लाय म्हणजे तुझा पुठ्ठाच," मंसूर म्हणाला.

बासित खाली बघून म्हणाला, "पुठ्ठाच. पण आता घट्ट चिकटलेला."

मंसूरनं मापं तोंडानं सांगायची, बासितनं कापायचं. वरच्या पाटाला खालून सनमायका लावला. तो गुळगुळीत सरकावा म्हणून शहरबानोचा भाजी कापायचा पांढरा बोर्ड गेला. त्याचे तीन तुकडे खालच्या पाटावर बसले, आणि पाटाखाली तीन बुटके पाय. ती बोलायचं ते बोललीच. घासायचं काम मात्र मंसूरनं कुणाला दिलं नाही. पॉलिशपेपरला थरथर चालते. बासित म्हणाला, "वा! याच्या हाताला मशीन बसवलीय." मधला बोल्ट पिळताना मंसूर म्हणत राहिला, "अजून हट्टी. अजून थोडी."

ज्या संध्याकाळी झालं त्या संध्याकाळी आभाळात चांदाची कोर होती. मंसूरनं दोन्ही हात नळीवर ठेवले. या खेपेला कुणी काही बोललं नाही. त्यानं ढकललं. नळी फिरली, थांबली, आणि थांबली तिथे राहिली. हात तिच्यावर थरथरत होते, ती नव्हती. तो वाकला.

"आहे," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "जागेवर आहे. किती खड्डे पडलेत बासित, रंधा मारायला पाहिजे."

बासितनं खाली बसून पायांखाली बोट फिरवलं. कागदही गेला नसता. तो तसाच खाली बसून राहिला. उठेचना.

पौर्णिमेपर्यंत मंसूर रोज बघायचा. मग दुर्बीण शाळेत गेली. गावाबाहेर शिरपामाळावर पोरांना चांद दाखवायचा आणि तेव्हा अब्बांनी स्वतः ढकलून दाखवायचं, असं आसमाच्या मनात होतं. ते राहिलं. थंडीत त्याच्या छातीत कफ धरला. घासही नीट गिळवेना. एका शनिवारी पहाटे तो झोपेतच गेला. खांदा द्यायला बासित पुढे होता. शेवटपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

आदल्या दिवशी जुम्मा होता. नमाज झाली आणि मंसूर पोतं घेऊन कमूच्या दारात आला. भुसा आता बासितच्या दुकानातला असायचा. खोकत होता, पोतं खांद्यावर हलत होतं, वाटभर भुसा सांडला होता. पोतं घ्यायला कमूचे हात पुढे झाले, ते तिनं मागे घेतले. त्याचं त्यानंच ओतलं.

तिनं कप काठोकाठ भरला. मंसूरनं कपाकडे बघितलं. "आज दूध आहे वाटतं."

"आहे."

त्यानं कप दाराशी असलेल्या तिच्या जात्यावर ठेवला, दोन्ही हातांनी तिथेच धरला आणि वाकून ओठ लावले. थोडा सांडला. तो दोघांनीही पुसला नाही. मग त्यानं पोतं झटकलं, घडी काखेत मारली, "बराय कमूताई," म्हणाला आणि गेला.