हिरवा ठिपका

सेन्सरच्या कोर्समध्ये शिकून मी पहिला सेन्सर आईच्या स्वयंपाकघरात लावला. ती ओट्यापाशी हलली की माझ्या मोबाइलवर ठिपका हिरवा होतो. तो दिसला की आई बरी आहे असं समजून मी कामाला लागायचे. वस्तूंना बोलतं करण्याच्या नादात आईला रोज सकाळी फोन करणं सुटलं.

परवा दहा वाजले तरी ठिपका हिरवा होईना. घाबरून फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"बरी आहे गं. चहासुद्धा केला नाही, खुर्चीतच बसून राहिले. म्हटलं, हलले नाही तर तुझा फोन येईल."

तरी फोन राहूनच जातो. ठिपका रोज हिरवा होतो, पण हल्ली जरा उशिरा. तेवढा वेळ ती चहावाचून थांबलेली असते.