काकांच्या रिमोटचा खटका

माझं दुकान आठ फूट लांब होतं. मी सगळ्यांना बारा सांगायचो. लालबागच्या एका चाळीत, जिन्याखाली, जिथं पूर्वी कोळसेवाला बसायचा तिथं मी तीन टीव्ही, तीन टीव्ही-गेम आणि सहा स्टुलं कोंबून व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं होतं. भिंतीतून कोळशाची पूड अशी गळायची की पांढरा शर्ट घालून आलेलं गिऱ्हाईक दोन गेम खेळलं की वकील होऊन बाहेर पडायचं.

त्याआधी मी गिरणीत होतो. अकरा महिने, बदली कामगार म्हणून. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कुणाचा खाडा झाला तर त्याच्या जागेवर आत शिरायचं. मग संप आला, तो लांबला, इतका लांबला की संपला की नाही ते अजून कुणी मला येऊन सांगितलेलं नाही. मी दादरला एका क्लासात टीव्ही-दुरुस्ती शिकलो. पहिल्या महिन्यात तीन टीव्ही मारले. पार्लर काढलं तेव्हा मात्र पोरांना सांगायचो, जपानहून शिकून आलोय. पोरं विश्वास ठेवायची, कारण माझ्याकडे एक जपानी पकड होती.

काका माझे नात्यातले कुणी नव्हते. गिरणीत साचा खात्यातले, म्हणजे जिथं सूत कातलं जातं तिथले, जुने सांधेवाले. साच्यावर शेकडो धागे एकदम फिरत असतात. एखादा तुटला की चालत्या साच्यात हात घालायचा, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धागा धरायचा आणि सांधायचा. काकांनी सांधला की आपण तुटलो होतो हे त्या धाग्यालाही कळायचं नाही. मला सांधायला त्यांनीच शिकवलं. माझा हात आपल्या हातात धरून. बदलीवाल्याला कोण शिकवतो? उद्या येईल न येईल! पण काकांनी शिकवलं.

संपात पोट भरायला ते पत्र्याची झाकणं कापणाऱ्या एका कारखान्यात लागले आणि तिथल्या प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा खाल्ला. शेजारचं बोट राहिलं, पण लाकडासारखं. त्यानंतर काका घरी.

दुपारी काकी त्यांना घरातून हुसकायच्या, तेव्हा ते माझ्या दुकानात येऊन बसायचे. आधी नुसते बघायचे. मग एक दिवस म्हणाले, "काय रे झिला, आमचो नंबर कधी?"

मालवणी माणूस झील म्हणतो मुलाला. ते मला कायम झिलाच म्हणायचे.

त्यांना विमानांचा गेम आवडायचा. वरून शत्रूची विमानं येतात, खालून आपण गोळ्या झाडायच्या. डाव्या हातानं विमान हलवायचं, उजव्या अंगठ्यानं गोळीचं बटण दाबायचं. आणि तोच अंगठा नव्हता. काका मधल्या बोटाच्या पेरानं बटण ठोकायचे, रिमोट मांडीवरून घसरायचा, विमान धडाधड कोसळायचं. मागून पोरं, "काका, पॅराशूट! पॅराशूट!"

तेव्हा मी तो खटका बनवला. त्याच्याबद्दल आजही मला लाज नाही, म्हणून जरा ऐटीत सांगतो. सायकलच्या मोडक्या ब्रेकची पट्टी कापली, बॉलपेनातली स्प्रिंग घातली, लॅमिंग्टन रोडवरून एक इवलंसं टिकटिक स्विच आणलं आणि रिमोटच्या पोटाखाली असा खटका बसवला की तो खालून, मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटानं ओढता यावा. अंगठ्याचं काम उरलेल्या बोटांना. सहा वेळा खोलला, सहा वेळा बसवला. काकांनी उलटासुलटा करून पाहिला, दोनदा ओढला आणि म्हणाले, "फिटरचो हात असा रे तुजो."

महिन्याभरात काका बरे खेळायला लागले. बरे म्हणजे बरे. पण मी कसला गप्प बसतो? मी गल्लीत सांगत सुटलो की आमच्या काकांचा स्कोर टीव्हीत मावत नाही, आकडे शेजारच्या टीव्हीवर सांडतात. ही हवा गिरगावपर्यंत गेली. तिथला एक इंजिनिअरिंगचा पोरगा, जाड भिंगांचा चष्मा, स्वतःचा रिमोट रुमालात गुंडाळून थेट माझ्या दारात उभा.

"ते साडेतीन बोटांचे चॅम्पियन कोण हो?"

काका तिथंच बसले होते. मी म्हणायला हवं होतं, बाबा, मी गप्पा मारतो, तू घरी जा. मी म्हणालो, "रविवारी ये. रडायला दुसरा रुमाल आण."

अट ठरली: काही रिमोटवर जादा बटणं असायची, एकदा दाबलं की आपोआप गोळ्यांचा मारा. ती चालणार नाहीत. ज्याच्या बोटांत जोर त्याचा गेम. पोरगा गेल्यावर काका म्हणाले, "जमतलां काय रे माका?" मी म्हणालो, "डोळे मिटून."

शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवून मी हिशेब मांडला. त्या दिवशी जाताना तो पोरगा एक गेम खेळून गेला होता, तेव्हा सेकंदाला सात-आठ गोळ्या सोडत होता. काका दोन, फार तर तीन. हरले असते तर काय झालं असतं? काही नाही. पोरं हसली असती, काका हसले असते. पण मी हरलो असतो. माझा खटका, माझी बढाई, माझं जपान. एका मेलेल्या रिमोटमधून मी आपोआप मारा करणारी नखाएवढी सर्किटची पट्टी काढली आणि काकांच्या रिमोटच्या पोटात बसवली. बाहेरून काहीच दिसेना. आता खटका एकदा ओढला की चार गोळ्या सुटत होत्या.

काकांना सांगितलं, "स्प्रिंग जरा मऊ केलीय."

रविवारी दुकानात चाळीस माणसं. (बरं, वीस.) काका शेव्हिंग करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्या फेरीत दोघे बरोबरीत, दुसऱ्या फेरीत काकांनी गिरगावची अशी चाळण केली की पोरगा चष्मा काढून पुसायला लागला. "मान गये काका," म्हणाला आणि वाकून पाया पडला. इतका सरळ पोरगा! मी त्याच्याकडे बघायचं टाळत सगळ्यांना वडापाव वाटत होतो.

काका उठले नाहीत. रिमोट मांडीवर, आणि उजवा हात डोळ्यांसमोर धरून ते बघत होते. उलटा, सुलटा.

"झिला," ते हळूच म्हणाले, "माजो हात परत इलो रे."

मी म्हणालो, "इलो ना!" मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

चार दिवसांनी काकी आल्या. त्या माझ्या दुकानात कधी पाऊल टाकत नसत. पोरांना बिघडवायचा अड्डा म्हणायच्या. आज हातात डबा, आत नारळाच्या वड्या.

"तुझ्यामुळे झालं हो," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं हा माणूस हात खिशात घालून हिंडला. आता बघ, जेवताना सांडत पण नाहीत. उद्या भिवंडीला चाललेत."

"भिवंडीला कशाला?"

"त्यांच्या खात्यातला जुना दोस्त तिकडे सुताला पीळ घालायच्या कारखान्यात आहे ना, देखरेखीला. मागं म्हणाला होता, हात बरा झाला की ये, सांधायला माणूस पाहिजेच. हे कधी गेले नाहीत. काल स्वतःच म्हणाले, जातो. म्हणाले, अगं, माझा वेग आलाय परत."

काकी उभ्या होत्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं: काकी, त्यांना थांबवा, वेग माझ्या पट्टीचा आहे. 

मी वडी खाल्ली. "मस्त झालीय," म्हणालो. आणि वर अजून म्हणालो, "काकांना सांगा, मुकादम होऊनच परत या."

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला काका रस्त्याच्या पलीकडून येताना दिसले. सकाळची पाळी एवढ्यात सुटत नाही. डब्याची पिशवी एका बाजूला जड लोंबत होती. म्हणजे डबा उघडलाच नव्हता. मी टीव्हीच्या मागं वाकून वायरी तपासायला लागलो. चांगल्या होत्या वायरी. संध्याकाळी ते आले तेव्हा विचारलं, "काय काका, भिवंडी?"

"जागा भरलेली," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्या दिवशी खेळले नाहीत.

पट्टी तेव्हाच काढून टाकायला हवी होती. पण काढली तर ते हरतील, हरले तर विचारतील. राहू दिली. वेळ गेली की गोष्टी आपोआप मिटतात, असा माझा जुना समज.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काका म्हणाले, "रिमोट घरी नेतंय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हत्यार असा ता. साफ करून पूजा करूक नको?"

गिरणीत ही रीतच होती. खंडेनवमीला साचे उघडायचे, कापसाची धूळ झाडायची, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा. ज्याचा साचा त्यानं. मीही अकरा महिन्यांत एकदा केलं होतं ते, काकांच्या साच्यावर, त्यांनी परवानगी दिली म्हणून.

"मी करतो ना साफ, काका. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"दुसऱ्यान पुसलेलो साचो आपलो नसता," ते म्हणाले आणि रिमोट पिशवीत घातला.

मी मनात म्हटलं, स्क्रू बारीक आहेत, यांच्याकडे पेचकस नसेल, वरून पुसतील. गिरणीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाकडे पेचकस नसेल! एवढी मोठी थाप मी दुसऱ्या कुणाला कधी मारली नाही, जेवढी त्या दिवशी स्वतःला मारली.

दसऱ्याला दुकानात झेंडू लटकवून मी तिन्ही टीव्हींना कुंकू लावत होतो. पाच-सहा पोरं आधीच स्टुलांवर. काका आले. रिमोट माझ्यासमोर ठेवला. लख्ख पुसलेला, खटक्याला तेल, वर हळदकुंकू. मग खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. आत ती पट्टी. वायरी नीट सोडवलेल्या, एकही ओढून तोडलेली नाही. तिच्यावरही हळदकुंकू, आणि झेंडूची एक पाकळी.

"काम ह्येना केल्यान," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मगे पूजा कोणाची करूची?"

मी पोरांकडे पाहिलं. पोरं टीव्हीत. मी म्हणालो, "काका, ती... ती जरा मदतीला..."

"एक ओढल्यावर किती सुटत?"

"चार."

"चारातली माजी किती?"

तिथंही माझ्या जिभेवर आलं होतं, दोन. निम्म्या तुमच्या. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि धागा कुठं तुटलाय हे त्यांना आवाजावरून कळायचं.

"एक," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जसं आधीच मोजलेलं पुन्हा जुळावं. "भिवंडीक पण तितक्याच झाला. चार तुटले, माका एकच सांधूक जमलो. दोस्तान साचो बंद केल्यान आणि माका चाय पाजल्यान." मग म्हणाले, "बाकीचे कामवाले बघी होते."

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि पट्टी काढलेला रिमोट जोडला. "बस. माझ्यावांगडा खेळ."

मी त्यांच्याबरोबर खेळायला बसलो. मी काय केलं असेल? मी हळू खेळलो. मुद्दाम विमान धडकवलं. काकांनी खटका सोडला आणि म्हणाले, "अजून?"

एकच शब्द. त्यानंतर मी खरा खेळलो. कुंकवाचा लाल डाग बोटांना लागत होता. चार मिनिटांत मी त्यांना इतकं हरवलं की पोरं आपापले गेम सोडून मागं जमली.

"काका, काय झालं आज? गिरगाव उडवणारे तुम्ही!"

"आज मी खेळतंय," काका म्हणाले.

पोरांना काही उमगलं नाही. एकजण मला म्हणाला, "काय भाई, काकांच्या रिमोटला काय झालं?" काका पडद्याकडे बघत होते, पण त्यांचा कान माझ्याकडे होता. पुडी गल्ल्याशेजारी उघडीच पडली होती. नुसती उचलून दाखवली असती तरी चाललं असतं. पोरांनी मला शिव्या घातल्या असत्या, गिरगावात बातमी गेली असती, जपान बुडालं असतं. आणि काका हरणारे ठरले असते, लबाड ठरले नसते.

मी झेंडूच्या माळेखाली पुडी सरकवली. "स्प्रिंग गेलीय," म्हणालो. "जुनी झाली."

काकांनी त्या माळेकडे पाहिलं. मग म्हणाले, "होय. स्प्रिंग."

काका येत राहिले, दुकान बंद होईपर्यंत, जवळजवळ रोज. त्याच खटक्यावर, दोन-तीन गोळ्यांच्या वेगानं खेळायचे, लवकर मरायचे, पुन्हा नंबर लावायचे. पोरांशी हसायचे. घरी काकींना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. वड्या पुन्हा आल्या नाहीत एवढं खरं. त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते दारात आले, चपला बाहेर काढल्या, जशा त्यांनी आधी कधीच काढल्या नव्हत्या, आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"शेट," ते म्हणाले, "आमचा रिमोट द्या."