नागूबाईंचे अकरा वर्षांचे रविवार

लोहाऱ्यातल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळीची शंभरी जवळ आली आणि तिथल्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, इतिहासाची पुस्तिका लिहायला घेतली. माणूस तरुण, कष्टाळू, पण कागदावर भलताच विश्वास. रजिस्टरात नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा खाक्या. त्या खाक्यात त्यांनी बिनधास्त लिहून टाकलं, 'पाळक नसल्याने मंडळी अकरा वर्षे बंद होती.'

हे पान त्यांनी मोठ्या हौसेनं नागूबाईंना वाचून दाखवलं. नागूबाई पंच्याहत्तरीच्या. चर्चची झाडलोट त्यांच्याकडं. अक्षरओळख नाही, पण शंभर-दीडशे गीतं तोंडपाठ. वाक्य ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बंद? मंग म्या दर रविवारी दार उघडत व्हते ते कशापायी?"

खरं तेच होतं. त्यांच्या तरुणपणातल्या त्या अकरा वर्षांत घंटा वाजवायची, गीत सुरू करायचं, प्रार्थना करायची, सगळं नागूबाईंनीच केलं. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस वाटणं, मात्र पाळकाच्याच हातचं, मंडळीचा नियमच तसा. नियम मोडायचा नाही आणि टेबलही सुनं ठेवायचं नाही, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या पांढरी चादर अंथरून रिकामी ताटली नि रिकामा पेला मांडायच्या. पाच-दहा माणसं त्यापुढं उभी राहून प्रार्थना करायची आणि घरी जायची. भरल्या ताटालाही कुणी एवढा मान देत नसेल.

"पण आजी, नोंद नाही ना कुठं," पाळकसाहेब म्हणाले.

"तुमाला डेंगू झाला तवा तीन रविवार उपासना कुनी घेतली? त्याची हाय का नोंद?"

पाळकसाहेब ओशाळले. नोंद नव्हती. त्यांनी मुकाट्यानं ओळ खोडली, नवी लिहिली आणि वाचली, "अकरा वर्षे पाळक नव्हते, तरी मंडळी एकही रविवार बंद राहिली नाही."

आता बाईंनी खूश व्हायला हवं होतं. त्या पदराचं टोक चाळवत राहिल्या.

"एक रविवार व्हती बंद," शेवटी त्या म्हणाल्या. "माझा शमू तापानं गेला. सहा वर्सांचा व्हता. शनिवारी त्याला पुरलं. देवावर लई राग आला व्हता मला. दार उघडलंच न्हाय. लोक बाहीर उभे राहून परत गेले."

पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजी, एवढं कोण धरतंय? राहू द्या."

"म्या धरते की. लिवा. तारीख सांगते."