अण्णांच्या ग्लासांतले देश

भट्टीवाले अण्णा कोक चाखून बघत. कोक म्हणजे कोळसा भाजून केलेलं आमच्या भट्टीचं जळण. ट्रक आला की अण्णा त्यातला एक खडा सदऱ्याला पुसून जिभेला लावत. चिकटला तर चांगला. मग दोन खडे एकमेकांवर आपटून कान देत. खणखणीत वाजला तर मान डोलावत, बद्द वाजला तर ड्रायव्हरकडे असं बघत की त्या बिचाऱ्याने चहाही न घेता निघावं. अनगोळहून सायकलवर येणारा, कन्नड शाळेत चौथी शिकलेला हा माणूस उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं लोखंड वितळवत होता. मी तिथे इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा मला हा सगळा सर्कशीतला खेळ वाटला होता.

खिडकीत त्यांचे चहाचे ग्लास ओळीने मांडलेले असत. प्रत्येक ट्रकमधला ओंजळभर कोक जाळून उरलेली राख ते ग्लासात भरत आणि वर कन्नडमध्ये चिठ्ठी चिकटवत: ऑस्ट्रेलिया, चीन, धनबाद. ऑस्ट्रेलियाची राख बोटभर, आपली तीन बोटं. नवा माणूस आला की त्याला तिथे उभं करून म्हणत, "ह्यो आमचा भूगोल."

मला ते सहन होईना. कॉलेजात मी देशादेशांच्या कोळशाचा तक्ता केला होता. जमिनीतला साठा गुणिले बाजारभाव, झाली राष्ट्रीय संपत्ती. त्यात भारत चांगला वरच्या रांगेत होता. तो तक्ता मी मोठ्या तोऱ्यात अण्णांपुढे धरला. त्यांनी तो नीट बघितला आणि विचारलं, "जपानचं नाव कुठं हाय, आक्का?"

"जपानमध्ये कोळसा जवळजवळ नाहीच, अण्णा."

"आन पोलाद?"

पोलादात जपान जगात पहिल्या तिघांत. मी तक्त्याची घडी घातली. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "जमिनीत हाय म्हंजे आपल्याजवळ हाय असं न्हाय. लोखंड पातळ झालं की म्हनायचं, हाय," एवढंच म्हणून ते भट्टीकडे गेले.

मग परदेशातून येणाऱ्या कोकवर सरकारने मर्यादा घातली. गोव्याच्या बंदरातून येणारे ट्रक आधी कमी झाले, नंतर थांबले. मालक म्हणाले, भट्टी बंद करून विजेची बसवू. विजेच्या भट्टीला चार माणसं पुरतात. अण्णांच्या हाताखाली अकरा होती. बारा घरं त्या एका भट्टीवर चालत होती आणि अण्णांना त्या प्रत्येक घरात किती पोरं आहेत हे तोंडपाठ होतं.

त्या आठवड्यात मी पुढे झाले. आपल्याच कोकवर भट्टी चालवून दाखवते, असं मालकांना सांगितलं. राख जास्त म्हणून जळण वाढवलं, राख पातळ करून बाहेर काढणारी चुनखडी वाढवली. कागदावर सगळं जमलं. ऑस्ट्रेलियाच्या कोकची काही पोती शिल्लक होती. अण्णा म्हणाले, "ती खाली पायाला घालूया, आक्का. पाया गरम न्हाय राह्यला तर वर काय घालून उपेग न्हाय." मी हट्टाला पेटले. दाखवायचं तर निव्वळ आपल्या कोळशावर, नाहीतर मालक मानणार नाहीत. अण्णांनी अकरा जणांकडे बघितलं. सगळ्यांचे डोळे माझ्या कागदावर होते. "व्हय," ते म्हणाले. जन्मभर जिभेवर विश्वास ठेवलेल्या माणसाने त्या दिवशी माझ्यावर ठेवला.

तासाभरात राखेची मळी होऊन भट्टीत वारा फुंकायची भोकं बुजली आणि लोखंड भट्टीच्या पोटातच गोठलं. अण्णा कांब घेऊन भट्टीचं तोंड फोडत राहिले. भुवया करपल्या तरी हटेनात. शेवटी दोघांनी त्यांना धरून मागे ओढलं. भट्टीला तडा गेला होता. मालकांनी आत डोकावून बघितलं आणि तिथूनच विजेच्या भट्टीवाल्यांना फोन लावला.

"माझं चुकलं, अण्णा," मी रडत म्हणाले.

"कागद तुमचा खरा हाय," ते म्हणाले. "ह्यो कोळसा जाळनारा मानूस त्यात कुठं लिवलेला नसतो, एवढंच." ते मला एक शब्द वावगा बोलले असते तर मी आज जरा सुखाने झोपले असते.

माझी नोकरी टिकली. विजेच्या भट्टीवर मालकांनी चार शिकलेली माणसं बाहेरून आणली. अण्णा मात्र अकरा जणांना घेऊन फाउंड्री-फाउंड्रीच्या दारात उभे राहत होते. स्वतःसाठी काही मागत नव्हते. "मी म्हातारा, मला सोडा. ही मानसं घ्या," म्हणत. पण बहुतेकांनी भट्ट्या कधीच विजेवर नेल्या होत्या, आणि उरलेल्यांकडे त्यांचीच माणसं रिकामी बसली होती.

शेवटचे ते मला खडेबाजारात दिसले. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. त्यांनी विचारलं, "नवीन भट्टीची वीज कशावर हुते, आक्का?"

"कोळशावरच, अण्णा. जास्त करून आपल्याच."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "म्हंजे कोळसा हाय, लोखंड बी हाय. आमीच तेवढं न्हाय." मी त्यांची पिशवी उचलून रिक्षापर्यंत गेले.

गेल्या थंडीत अण्णा गेले. मंगळवारी, भर कामाच्या दिवशी, खांदा द्यायला ते अकराही जण हजर होते. एकालाही सुट्टी मागावी लागली नव्हती.