दोन सेंटिमीटरची फट

आमच्या शेजाऱ्यांना कुठल्याही भांड्यावर टिचकी मारायची सवय आहे. आवाज कान देऊन ऐकतात आणि निकाल देतात. आमच्या केकच्या टिनाचा काळा थर सुटला, तेव्हा तो टिन त्यांनीच भंगारवाल्याला देऊन टाकला. मी ॲल्युमिनियमचा नाहीतर सिलिकॉनचा नवा आणणार होतो, पण शेजाऱ्यांनी अडवलं.

"काहून गा, पोरीले विष चारतो का? सिलिकॉन तर निव्वळ रबर. काच घे, काच!"

मुलीच्या वाढदिवसाच्या दुपारी ते स्वतःच धरमपेठेच्या बाजारातून चौकोनी काचेचं भांडं घेऊन आले. पैसे घेईनात. बायकोने मिश्रण ओतलं, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, पण दार लागेना. ओव्हन आतून एकोणतीस सेंटिमीटर खोल, भांडं एकतीस. मी टेप लावून दाखवला.

"टेप ढिला झाला असन तुझा."

दुसरं भांडं घरात नव्हतं आणि संध्याकाळी मुलीच्या मैत्रिणी येणार होत्या. शेजाऱ्यांनी स्टूल ओढलं, दोन फडकी घेतली आणि दाराच्या फटीवर आमची परात दाबून धरली. केक होईपर्यंत ते घामाने निथळत तसेच बसून राहिले.

तरीही दाराकडची बाजू कच्ची राहिली. केक कापल्यावर ती त्यांनी आपल्या ताटलीत ओढून घेतली.

"काच होती म्हणून कच्चं दिसलं तरी," चिकट घास गिळत ते म्हणाले. "टिनात समजलं असतं का तुले?"