पडद्याची झोळी

आमच्या अंगणवाडी केंद्रातल्या बाई कुणाच्या घरी गेल्या की आधी बाळ मागून घेतात, हातावर दोनदा झुलवतात आणि मग घरच्यांशी बोलतात. "साडेसात किलो," असं म्हणाल्या की समजावं, साडेसातच. शंभर ग्रॅम इकडे-तिकडे. बावीस वर्षं बाळं तोलणाऱ्या बाईचे हात आहेत ते.

मी तिथे स्वयंपाक करते. मला सगळे मावशी म्हणतात आणि माझ्या तोंडाला लागत नाहीत. केंद्र म्हणजे पाण्याच्या टाकीमागची एक खोली. एका कोपऱ्यात माझी शेगडी, दुसऱ्या कोपऱ्यात सरकारकडून येणारी पिठाची आणि दूध पावडरीची पाकिटं, आणि मध्ये छताच्या हुकाला टांगलेला काटा. बाई पहिल्यांदा या खोलीत आल्या त्या नोकरीला नव्हे, स्वतःचं काडीसारखं पोर घेऊन, पाकिटाच्या रांगेत. तो मुलगा आता ट्रक चालवतो. त्याला काट्याला टांगला तर छतच खाली येईल. बाई मात्र तेव्हापासून या खोलीच्याच झाल्या.

त्यांचा नियम असा, की दर महिन्याच्या वजनाच्या दिवशी आधी रिकामी झोळी टांगायची, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा आणि मगच पहिलं बाळ घ्यायचं. अंगात स्वेटर ठेवून कुणी बाळ दिलं की कडाडायच्या, "काढ तो! मला बाळाचं वजन हवंय, लोकरीचं नको."

त्या दिवशीही सगळं असंच रीतसर सुरू होतं. नवव्या बाळाने झोळीत करायचं तेच केलं. बाळाचा काय दोष? शहाणपणा माझा. मी जुन्या पडद्याची एक दुहेरी, जाडजूड झोळी हौसेने शिवून ठेवली होती. ओली झोळी बादलीत टाकली आणि नवी पुढे केली. रांग दारापर्यंत गेलेली, पोरं रडत होती. बाईंनी झोळी टांगली आणि दहावं बाळ आत ठेवलं.

दहावी होती शिलाईवालीची मुलगी. आठ महिन्यांची, पण दिसायची चारची. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. वय-वजनाच्या तक्त्यावर लाल रेघेखाली असलेल्या मुलांना दुप्पट पाकिटं आणि रोज एक अंडं मिळतं, आणि गेले तीन महिने आमच्याकडे रेघेखाली ती एकटीच होती. तीन महिने काटा पाच किलो चारशेच्या पुढे सरकला नव्हता.

"पाच आठशे!" बाई ओरडल्या.

पाच सहाशेला रेघ होती. शिलाईवाली तिथेच फतकल मारून बसली आणि ढसाढसा रडली. मीही डोळे पुसले, कांद्याचं निमित्त सांगून. लाल यादी कोरी झाली. असं आमच्याकडे कधीच झालं नव्हतं. आता चिमणीचं जादाचं पाकीट आणि अंडं बंद होणार होतं, तेही पुढचे तीन महिने, कारण वर गेलेली यादी तोवर बदलत नाही. पण त्या आनंदात ते कुणाला सुचतंय?

दुपारी बाई तक्ते भरत बसल्या आणि मध्येच थांबल्या.

"मावशी, दहाव्यापासूनची सगळीच कशी गं वाढली? त्या जुळ्यांना आठवडाभर ताप होता. तीही वाढली?"

मी म्हटलं, "वाढली तर वाढली. दृष्ट लावू नका."

त्या उठल्या, पडद्याची झोळी रिकामीच टांगली. काटा तीनशेवर जाऊन उभा राहिला.

"चूक माझी," मी म्हणाले.

"झोळी तुझी. शून्य माझं होतं." त्या खाली बसल्या. "हाताला हलकीच लागली होती गं ती. पण मला आकडा आवडला."

संध्याकाळी यादी न्यायला वरच्या मॅडम यायच्या होत्या. गप्प बसलो असतो तर कौतुकच झालं असतं. मला तो मोह झाला, खोटं कशाला बोलू? बाईंनी काटा खांद्यावर टाकला, मी जुनी झोळी पिळून, शेगडीवर धरून वाळवली आणि आम्ही निघालो.

शिलाईवालीच्या घरी आनंदीआनंद होता. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या घरात सगळे अंगाने भरलेलेच." बाईंनी आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. मशीन थांबलं. शिलाईवालीचा चेहरा बघवेना.

"म्हणजे वाढलीच नाही ती?"

"तोलल्याशिवाय मी बोलणार नाही," बाई म्हणाल्या.

दाराच्या चौकटीवरच्या हुकाला काटा लावला. रिकामी झोळी, स्क्रू, शून्य. बाईंनी ते तिला डोळ्यांनी बघायला लावलं. मग चिमणी आत. झोळी हलायची थांबेपर्यंत सासूबाईसुद्धा शेजारणीला सोडून जवळ आल्या.

"पाच पाचशे," बाई म्हणाल्या. "रेघेखालीच आहे. पाकिटं आणि अंडं चालू राहणार."

शिलाईवाली काट्याकडे बघत राहिली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"बाई, मागच्या वेळी चारशे होतं ना? मग हे शंभर?"

"ते खरे आहेत."

"झोळीचे नाहीत?"

"झोळीचे नाहीत, पोरी. तुझे आहेत."

ती पुन्हा रडली. सकाळपेक्षा कमी, पण जास्त वेळ. मग चिमणीला घेऊन तिने बाईंसारखीच हातावर दोनदा झुलवली.

परत येऊन दहाव्यानंतरची सगळी बाळं आम्ही बोलावून घेतली आणि पुन्हा तोलली. मॅडमना बाईंनी झालेली चूक स्वतः सांगितली आणि लाल यादीत चिमणीचं नाव पुन्हा लिहिलं. शेरा लिहायच्या रकान्यात आम्ही एरवी काहीच लिहीत नाही. तिथे त्यांनी लिहिलं, "शंभर ग्रॅम वाढ," आणि शाई वाळेपर्यंत वही मिटू दिली नाही.