टाकून दे म्हटलेली बाटली

तिच्याविषयी बोलताना शेजाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येत असे. "भांडली असती तर परवडलं असतं हो," शेजारच्या काकू म्हणत, "ही नुसती 'बरं' म्हणते आणि जन्मभर लक्षात ठेवते." काकूंनी एकदा जिन्यातली तिची कुंडी न विचारता हलवली होती, तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आल्या तरी ती काकूंच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत असे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर मात्र तिची बाजू घेत. "बाई सरळ आहे. तिच्या पायावर पाय पडला तर तिथल्या तिथे माफी मागावी, एवढंच. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो."

घरात तिला धाकटी म्हणत. चाळिशी उलटली तरी इमारतीतही तेच नाव चालू राहिले. थोरली बहीण ताई, आणि ताईचे यजमान म्हणजे भाऊजी. ज्या संशोधन संस्थेत धाकटी काम करी, त्याच संस्थेत भाऊजी विभागप्रमुख होते. दोघे एकाच विषयातले. तिला नोकरी स्वतःच्या गुणांवर मिळाली होती, तरी "मेहुणी म्हणून चिकटवली" हे तिने पहिल्याच आठवड्यात ऐकले, आणि कोणी म्हटले तेही लक्षात ठेवले.

त्यांचे काम थोडक्यात सांगता येते. रक्तातल्या संरक्षक पेशींच्या अंगावर निरनिराळी प्रथिने असतात. त्यांतल्या एकाच प्रथिनाला चिकटणारे, दुसऱ्या कशालाही न शिवणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, हाती आले, तर ते प्रथिन कुठे आहे आणि कधी नाहीसे होते, हे पाहता येते. त्यासाठी उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न थांबता वाढणारी कर्करोगाची पेशी यांचा संकर करायचा, शेकडो संकरांतून हवा तो एक निवडायचा आणि त्याच एका पेशीचा वंश वाढवायचा. धाकटीने तो निवडला. चमकता रंग लावलेले तिचे प्रतिपिंड संरक्षक पेशींवर सोडले, की यंत्राच्या पडद्यावर आलेखाचा एक डोंगर बाकीच्या गर्दीपासून दूर, स्वच्छ उभा राही. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा ती कोणाला न सांगता खिडकीशी जाऊन उभी राहिली होती.

शोधनिबंध छापून आला. त्यात तिचे नाव नव्हते. शेवटी बारीक अक्षरांत "तांत्रिक साहाय्याबद्दल आभार" होते, तेही प्रयोगशाळेचे.

त्या रविवारी ती ताईकडे जेवायला गेली होती. तिने ताटावरच विचारले. भाऊजी मनमोकळे हसले.

"अगं, घरातल्या घरात कसलं नाव? आणि पेशींना चारापाणी घालणं म्हणजे शोध नव्हे, धाकटे."

ताईने पाण्याची भांडी भरली. धाकटी म्हणाली, "बरं."

संकरित पेशींची एक खोड असते. काही पेशी प्रतिपिंड बनवणे सोडून देतात आणि ती शक्ती वाढण्यात घालतात. अशा कामचुकार पेशी कामाच्या पेशींना पाहता पाहता हटवतात. म्हणून अधूनमधून तबकडीच्या एका खळग्यात एकच पेशी पडेल इतके सगळे विरळ करावे लागते आणि काम करणारी तेवढी पुन्हा निवडावी लागते. हे धाकटीला शिकवले होते भाऊजींनीच, उमेदीच्या काळात, स्वतः सूक्ष्मदर्शकाशी बसून. पुढे ते खुर्चीत बसले आणि विसरले.

त्या रविवारनंतर धाकटीने त्या पेशींच्या दोन बाटल्या ठेवल्या. एकीत ती निवड करत राहिली. दुसरीला तिने हात लावला नाही. फक्त चारापाणी घातले.

भाऊजींना मोठ्या संस्थेचे संचालकपद मिळाले ते याच प्रतिपिंडाच्या जोरावर. अतिथंड टाकीत गोठवून ठेवलेल्या पेशींच्या जुन्या कुप्या मागे बिघाडात वाया गेल्या होत्या, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ते सोबत न्यायच्या पेशींसाठी स्वतः बाटली निवडायला आले. धाकटीने दोन्ही समोर ठेवल्या. भाऊजींनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. एकीत पेशी दाटीवाटीने, टवटवीत, दुसरीत तुरळक.

"ही," ते दाट बाटलीवर बोट ठेवून म्हणाले. "हिच्यातूनच सगळ्या कुप्या भर."

"नक्की?"

"डोळे आहेत मला. आणि ती मरतुकडी टाकून दे."

"बरं," धाकटी म्हणाली.

कुप्या तिने चोख भरल्या, चिठ्ठ्या सुवाच्य लावल्या. मरतुकडी मात्र पुन्हा उबदार कपाटात ठेवली.

काही महिन्यांतच नव्या संस्थेतला डोंगर खचू लागला, आणि एके दिवशी बाकीच्या गर्दीत मिसळून गेला. भाऊजींनी ज्यांना ज्यांना प्रतिपिंड पाठवले होते, ते जाब विचारू लागले. आता तज्ज्ञांच्या समितीपुढे सगळा प्रयोग करून दाखवायचा होता. जमला नाही तर पद जाणार होते. भाऊजींचा फोन आला.

"धाकटे, तुझ्याकडे काही शिल्लक आहे का? घरातलं माणूस म्हणून विचारतोय."

"भाऊजी, मला यातलं काय कळतं? मी चारापाणी घालते."

त्यांनी फोन ठेवला आणि संध्याकाळी ताई आली. जिना चढून धापा टाकत होती. धाकटीने तिला खुर्ची दिली, चहा ठेवला. शेजारच्या दाराआड काकू उभ्या असाव्यात. तिकडची भांडी वाजायची थांबली होती.

"त्यांना दोन रात्री झोप नाही," ताई म्हणाली. "ती बाटली खराब आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"आणि चांगली आहे तुझ्याकडे?"

"आहे. भाऊजींच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना दाखवली. माझ्या नावाने निबंध छापून येतोय."

ताईच्या डोळ्यांत पाणी आले. "मग एक कुपी दे गं. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी दे. मी तुझं काय वाईट केलंय?"

धाकटीने गाळणी ओट्यावर ठेवली आणि बहिणीकडे सरळ पाहिले.

"एका कुपीने ते वाचतील, आणि मी ती देणार नाही. तू काय केलंस विचारतेस? मी ताटावर तुझ्याकडे बघत होते, ताई, आणि तू पाणी ओतत होतीस."